आंघोळीची पाटी आली होती

पोहणं आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नसे. तिरुवैयारूला आमचं आजोळ, आणि आजोळच्या मागच्या दाराने गल्ली उतरली की कावेरीच. घाटाच्या पायऱ्यांवर बायका कपडे आपटत असायच्या, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात मुलं पाण्यात पडायची, नाकातोंडात पाणी जायचं, आणि एक दिवस बघावं तर पोहत असायची. मी तशीच शिकले, माझी अक्काही तशीच, आणि पुढे अक्काचा मुलगाही. शिकवलं नाही म्हणते खरी, पण दोन गोष्टी ऐकून ऐकून अंगात मुरलेल्या असायच्या. एक म्हणजे पाण्याला पाय लावण्याआधी शेवटच्या कोरड्या पायरीवरून वाकून ओंजळभर पाणी डोक्यावर घ्यायचं. नदी आई आहे, तिला पाय लावणार म्हणून तिची क्षमा मागायची, आणि मग एकेक पायरी उतरत आत जायचं. दुसरी म्हणजे रंग बघायचा. खालची वाळू दिसली, पाणी फिकं पिवळट दिसलं की ते गुडघाभर. गडद निळं दिसलं की खोल. उडी मारायची ती गडद पाण्यात.

हे आधीच सांगून ठेवते. लोक नंतर अक्काच्या मुलाबद्दल खूप बोलले, पोरगा माजला होता, प्यायलेला असेल, हॉटेल बघून हुरळला असेल. तसं काही नव्हतं. तो नदीवरच्यासारखा वागला, इतकंच.

अक्काला तो एकुलता. आमचे भावजी तो शाळेत होता तेव्हाच गेले. अक्काने मुलींच्या शाळेत शिवण शिकवून त्याला वाढवलं. माझं घर तिच्या घराला भिंत लावून, मलाही मूलबाळ नाही, तेव्हा तो अर्धा माझ्याच स्वयंपाकघरात वाढला असं म्हटलं तरी चालेल. मोठा झाल्यावर तंजावूरच्या बाजारात टीव्हीच्या एका मोठ्या दुकानात लागला. बोलका इतका की गिऱ्हाईक टॉर्चचे सेल घ्यायला आलं तरी त्याला रंगीत टीव्ही दाखवल्याशिवाय सोडायचा नाही. तेव्हा दिवसही तसेच होते. दर महिन्याला काहीतरी नवीन यायचं. नवीन कंपन्या, नवीन चॅनेल, घराघरांच्या गच्चीवर तारा. ज्यांच्याकडे सायकल होती त्यांच्याकडे स्कूटर आली. आम्ही तंजावूरचे जुने मराठी, घरात अजून मराठी बोलायचं, बाहेर तमिळ, आणि ह्याच्या दुकानात इंग्रजी. तो घरी येऊन तिन्ही एकत्र कालवायचा आणि अक्का म्हणायची, जरा एका भाषेत बोल रे, माझा भात गार होतो.

त्या सुमारास त्रिचीच्या रस्त्यावर एक नवीन हॉटेल झालं. मोठं देऊळ बघायला परदेशी लोक यायचे ना, त्यांच्यासाठी. त्याला पोहायचा तलाव होता. तंजावूरला आम्ही असलं काही पाहिलेलं नव्हतं. इथे प्रत्येक देवळाला पुष्करणी, गावात कालवा, पलीकडे नदी. पाणी विकत घेऊन त्यात पोहायचं ह्याचं आम्हाला हसू यायचं. टीव्हीच्या कंपनीने आजूबाजूच्या गावांतल्या दुकानदारांना आणि विक्रीच्या लोकांना तिथे बोलावलं. सकाळी भाषणं, दुपारी जेवण, आणि जेवणाआधी ज्यांना पोहायचं त्यांनी पोहावं. तो सकाळी निघाला तेव्हा मी दारात रांगोळी पुरी करत होते. मला म्हणाला, "मावशी, आज तुझा भाचा साहेबांच्या पाण्यात आंघोळ करून येणार." मी म्हटलं, साबण घेऊन जा, नाहीतर परत पाठवतील.

दुपारी दुकानातला एक माणूस धावत आला.

काय झालं ते आम्हाला त्याने स्वतःच सांगितलं, दवाखान्यात, पडल्या पडल्या, डोकं दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून घट्ट ठेवलेलं होतं तेव्हा. तलावाच्या दाराशीच एक पाटी होती, पाण्यात उतरण्याआधी आंघोळ करावी. शेजारी फवाऱ्याचा नळ. त्याने तिथे सगळ्यांसारखी आंघोळ केली. मग काठावर आला. पायऱ्या कुठे दिसल्या नाहीत, सगळीकडे सरळ भिंत. पाणी बघितलं, गडद निळं.

"मावशी, निळं होतं ग," तो म्हणाला. "आजोळच्या घाटावर मंडपाखाली असतं ना, त्याच्याहून निळं."

खाली निळ्या फरशा होत्या. पाणी कमरेच्याही खाली होतं. त्याने डोकं पुढे करून सूर मारला, जसा लहानपणापासून मारायचा.

मान मोडली होती. मद्रासलाही नेलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यांना बोल लावण्यासारखं काही नाही. पण मानेखाली त्याचं अंग त्याचं राहिलं नाही. खांदे जरा हलायचे, डावा हात कोपरापासून थोडासा उचलला जायचा, बास.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. अपघाताला थोडे दिवस झाले असतील, त्याला अजून मद्रासला हलवलं नव्हतं. अक्का सकाळी घरी यायची, आंघोळ करून, त्याच्यासाठी पेज आणि आमच्या माणसांसाठी डबा घेऊन परत जायची. त्या सकाळी मीही तिच्याच स्वयंपाकघरात होते. दारात एक मनुष्य आला. पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी, वयाने आमच्या धाकट्या भावाएवढा. म्हणाला, मी त्या हॉटेलचा मॅनेजर. अक्काने त्याला आत बोलावलं, झोपाळ्यावर बसवलं. मी कॉफी केली. ह्यात नवल काही नाही. आमच्याकडे दुखण्याची चौकशी करायला शत्रू आला तरी त्याला कॉफी दिल्याशिवाय पाठवत नाहीत, आणि आल्या माणसाने जाताना जड मनाने उंबरा ओलांडला तर ते घराला बरं नाही असं मानतात. आलेला रडायला लागला तर घरातल्यांनीच त्याची समजूत घालायची. ज्याच्या घरी दुःख आहे त्यानेच दुसऱ्याचे डोळे पुसायचे. लहानपणापासून मी हेच बघत आले.

तो रडला. पेला हातात धरून, एक घोटही न घेता रडला. तमिळमध्ये म्हणाला, अम्मा, पाट्या एकाच माणसाकडे करायला टाकल्या होत्या. आंघोळीची आली होती. इकडे पाणी उथळ आहे, उडी मारू नका, ती आली नव्हती. मालकांना मी म्हटलं होतं, ती येईपर्यंत तलाव बंद ठेवू. ते म्हणाले कंपनीचे लोक येणार आहेत, तलावासाठीच तर आपल्याकडे येतायत. अम्मा, ती पाटी परवा आली.

अक्का झोपाळ्याजवळ उभी होती. तिने त्याच्या खांद्याला हात लावला नाही, परका पुरुष म्हणून, पण हात थोडा पुढे गेला होता, तो मी पाहिला. ती म्हणाली, "तुमचं ह्यात काय चुकलं? आमच्या कपाळी होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कॉफी प्या, निवते आहे."

तो प्याला. डोळे पुसून गेला. त्याची पिशवी घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो.

मद्रासहून त्याला घरी आणलं तेव्हा तो माणूस परत आला. मग येतच राहिला. मालकाने पाठवलं म्हणून नव्हे, आपला आपण, सुट्टीच्या दिवशी. आधी नुसता खुर्चीवर बसायचा. मग एकदा भाच्याची दाढी वाढलेली बघून त्याने अक्काला गरम पाणी मागितलं आणि स्वतः त्याची दाढी केली. त्याचा हात फार हलका होता. तेव्हापासून ते ठरूनच गेलं. तो भाच्याला 'तंबी' म्हणायचा, धाकटा भाऊ. दाढी करता करता दोघं क्रिकेटवर भांडायचे, आणि भांडण रंगलं की भाचा म्हणायचा, जपून, वस्तरा तुमच्या हातात आहे, तुमचाच खेळाडू चांगला. अक्का आतून हसायची. तिचं हसणं मला तेवढ्याच वेळी ऐकू यायचं.

बाकी दिवस कसे होते ते काय सांगू. असा मनुष्य एकाच अंगावर पडून राहिला तर त्याची कातडी सडते. त्याला सारखं वळवावं लागतं, दिवसा, रात्री, जेवता जेवता उठून. एकटीने होत नाही. एकीने खांदे धरायचे, दुसरीने कंबर, एकदम वळवायचं, पाठीला उशी लावायची, टाचांखाली कापड. अक्का आणि मी, दोघी पन्नाशी उलटलेल्या. अक्काचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. तिला झोपेतही तेच. मला एकदा भिंतीपलीकडून हाक मारली, मी धावत गेले तर झोपेत बोलत होती, धर ग, खांदा धर.

आमच्या नात्यात एक वकील होता, चुलत बहिणीचा मुलगा. तो म्हणाला, मावशी, हॉटेलवर ग्राहक कोर्टात तक्रार करू. लोकांना पाण्यात उतरवता आणि पाणी किती आहे ते सांगत नाही, ही त्यांची जबाबदारी आहे. अक्का नको म्हणाली. भांडून त्याची मान सरळ होणार आहे का, म्हणाली. वकिलाने वाद घातला नाही. त्याने एकच विचारलं, "मावशी, तुमच्यानंतर त्याला कोण वळवणार?"

अक्का उठून आत गेली. आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणाली. एवढंच होतं त्या खटल्यात, बघा. आमच्या मागे त्याला वळवायला कोणीतरी पगारी माणूस राहावा, आयुष्यभर राहावा. दुसरं अक्काला काही नको होतं.

नोटीस गेली. मॅनेजर पुढच्या सुट्टीला आला तो उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, अम्मा, आता मला यायला मनाई आहे. अक्का म्हणाली, असू द्या, हे सगळं संपलं की या. तो आत डोकावून तंबीला हात करून गेला. त्या दिवशी दाढी झाली नाही.

हॉटेलचं लेखी उत्तर आलं. इंग्रजीत होतं, वकिलाने आमच्या घरी येऊन वाचून सांगितलं. त्यात होतं की हा मनुष्य हॉटेलचं गिऱ्हाईक नव्हताच, पैसे कंपनीने भरले होते. त्यात होतं की तो नदीकाठचा पोहणारा, त्याला पाण्याची खोली बघता यायला हवी होती. त्यात होतं की दोन्ही पाट्या जागेवर होत्या. एक पाटी वाचून ज्याने आंघोळ केली, त्याने दुसरी न वाचता उडी मारली, ही त्याची बेपर्वाई. आणि शेवटी होतं की त्याच्या आईने स्वतः मॅनेजरला सांगितलं, तुमचं ह्यात काय चुकलं, आमच्या कपाळी होतं. खाली सही मॅनेजरची.

अक्का ऐकत होती. वकिलाने कागद खाली ठेवला आणि विचारलं, असं तुम्ही म्हणालात का? ती म्हणाली, म्हणाले. त्याने कपाळाला हात लावला. मग विचारलं, पाटीचं त्या माणसाने कधी काही बोलून दाखवलं का? आठवून सांगा. आपल्याकडे साक्षीदार कोणी नाही. बाकीच्या दुकानांतली माणसं कंपनीला घाबरून म्हणतात, आठवत नाही. पाटी नव्हती हे सिद्ध झालं तर खटला आपला, नाहीतर हे तुमचं वाक्यच आपल्याला बुडवणार.

मी अक्काकडे पाहिलं. अक्का म्हणाली, नाही, काही आठवत नाही.

तो गेल्यावर मी तिला विचारलं, असं का केलंस. ती तांदूळ निवडायला बसली होती, मान वर न करता म्हणाली, "आपल्या घरात, आपली कॉफी हातात धरून बोलला तो. ते काय कोर्टात नेण्यासाठी होतं का?" मी म्हटलं, आणि त्याने तुझं वाक्य नेलं ते? ती म्हणाली, त्याच्याकडून लिहवून घेतलं असेल. त्यालाही मुलं आहेत. मीही मग वकिलाकडे गेले नाही. मुलगा तिचा, शब्दही तिचा.

आडी लागला, आपल्या आषाढ-श्रावणातला तमिळ महिना. नदीला पाणी सुटलं. अठराव्या दिवशी, नदी भरल्याच्या सणाला, गावातल्या बायका नेहमीसारख्या चिंचेचा भात, दहीभात बांधून नदीवर गेल्या. आम्ही गेलो नाही. त्या दुपारी अक्काने मला एक सांगितलं, ते मी कधी विसरणार नाही. म्हणाली, बघ ग, त्यांनी त्याला बाहेर आंघोळ करायला लावली नसती, तर त्याने काय केलं असतं? डोक्यावर पाणी घ्यायला तो खाली उतरला असता. कुठूनतरी उतरायची जागा शोधली असती, पाय खाली टेकला असता. कळलं असतं त्याला. डोकं आधीच ओलं झालं होतं म्हणून तो उतरला नाही. इतकंच झालं. ती हे कोणाला पटवायला बोलत नव्हती. किती दिवस मनात घोळवून घोळवून ती तिथवर पोचली होती, कोण जाणे.

तारीख आली. तिथे बहुतेक काम कागदांवरच चालतं म्हणे, पण हॉटेलच्या वकिलाने अक्काला समोरासमोर विचारायची परवानगी मागितली होती. त्या सकाळी आम्ही दोघी त्याला वळवत होतो. मी खांदे धरले होते. तो अक्काला म्हणाला, "आई, कोर्टात त्यांना सांग, तू नव्वदीपर्यंत जगणार आहेस. नाहीतर मी डाव्या कुशीवर अडकून राहीन, आणि डावीकडे नुसती भिंत आहे." तो हसला. मीही हसले. अक्काने त्याच्या पाठीमागे उशी नीट केली, मग ती उगाच परत काढून परत लावली.

आम्ही टाऊन बसने गेलो. कोर्ट म्हणजे एक साधी खोली होती, उंच टेबल, त्यामागे अध्यक्ष, उतारवयाचे, आणि दोन सभासद. समोर बाकं. मॅनेजर मालकाच्या शेजारी बसला होता. आम्हाला बघून अर्धवट उठला, मालकाने बघितलं तसा बसला.

हॉटेलच्या वकिलाने अक्काला विचारलं, मॅनेजर तुमच्या घरी आले होते का. आले होते. तुम्ही त्यांना कॉफी दिली का. दिली. तुम्ही म्हणालात का, तुमचं ह्यात काय चुकलं, आमच्या कपाळी होतं? अक्का म्हणाली, म्हणाले. वकील खाली बसला. त्याचं काम झालं होतं. आमच्या वकिलाचा चेहरा मी बघितला आणि नजर खाली घेतली.

मग अध्यक्षांनी चष्मा काढला. हळू आवाजात म्हणाले, अम्मा, एखादा माणूस उगाच तर असं म्हणत नाही. ते काय बोलले होते, ज्यावर तुम्ही हे म्हणालात?

 अक्काचे हात एकमेकांत होते, शिवणाच्या बाईचे हात, आणि ती एका अंगठ्याने दुसरा अंगठा घासत होती. पंखा फिरत होता. तिने मॅनेजरकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. अध्यक्षांनी घाई केली नाही.

मग ती बोलली. अध्यक्षांशी नाही, त्याच्याशी.

"तुम्ही माझ्या घरी रडलात. तुम्ही म्हणालात, आंघोळीची पाटी आली होती, उथळ पाण्याची आली नव्हती. त्यावर मी म्हणाले, तुमचं काय चुकलं. रडणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं असतं, तुम्हीच सांगा. मी हे कधी बोलणार नव्हते. पण त्याला वळवायला माझ्यामागे कोणी नाही."

हॉटेलचा वकील उठला, म्हणाला, हे सगळं आत्ता सुचलेलं आहे, तक्रारीत कुठेच नाही. ते खरंच होतं, नव्हतं तक्रारीत. अध्यक्षांनी मॅनेजरला विचारलं, तुमची सही असलेल्या उत्तरात दोन्ही पाट्या होत्या असं आहे. ही बाई म्हणते ते खोटं आहे का?

तो उभा राहिला. त्याने नुसतं 'खोटं आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं. आमच्याकडे काय होतं? माझा एक शब्द, सख्ख्या बहिणीचा. त्याला कोण विचारतं. तो मालकाकडे बघत नव्हता. म्हणाला, "अम्मा खोटं बोलणार नाहीत."

निकाल यायला आणखी बराच काळ गेला. जबाबदारी हॉटेलची ठरली. लोकांना बोलावून पाण्यात उतरवलं, तेव्हा पाणी किती ते सांगणं त्यांचं काम होतं, पैसे कंपनीने भरले म्हणून तो परका होत नाही, असं निकालात होतं. पण भाच्याने न बघता सूर मारला म्हणून दोषाचा काही भाग त्याच्या माथीही होता, तेवढी भरपाई कापली. वकील आनंदाने सांगायला आला. अक्काने विचारलं, त्याच्या माथी कुठला भाग? वकिलाला कळलं नाही. ती म्हणाली, निळं दिसलं तो, का डोकं ओलं होतं तो? त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला कॉफी करायला आत गेले.

मिळालं त्यातून एक धडधाकट माणूस ठेवता आला. पुढेही राहील अशी व्यवस्था वकिलाने लावून दिली. तो माणूस चांगला होता, वळवायचा, पुसायचा, दाढीही करायचा. भाचा म्हणायचा, हा बरा करतो, पण ह्याच्या हाताला बोलणं येत नाही. सुट्टीच्या दिवशी दाराशी सायकल वाजली की मॅनेजर आला असेल म्हणून तो डोळे त्या बाजूला न्यायचा. खटला संपला होता ना. संपला की या, असं अक्काच म्हणाली होती.

तो आला नाही. हॉटेलात चौकशी केली तेव्हा कळलं की त्या साक्षीनंतर त्याला तिथे कोणी ठेवलंच नव्हतं. अक्काने त्याचं घर शोधून काढलं. आम्ही दोघी एका सकाळी गेलो, केळी, फुलं, विड्याची पानं घेऊन, एखाद्याच्या घरी पहिल्यांदा जाताना नेतात तसं. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिने आम्हाला ओळखलं, कसं ते माहीत नाही. आत बोलावलं, बसवलं. घरात सामान थोडंच होतं. तो तिरुप्पूरला गेला होता, कुठल्याशा कपड्यांच्या कारखान्यात गुदामावर. दिवाळीला येतो म्हणाली. तिने कॉफी केली, अक्काच्या हातात पेला दिला.

अक्काने काय काय ठरवून आणलं होतं बोलायला. बसमध्ये ती मनातल्या मनात ओठ हलवत होती. पण तिथे बसल्यावर तिला रडू आलं. इतक्या वर्षांत दवाखान्यात नाही, कोर्टात नाही, आणि त्या परक्या बाईच्या घरात पेला धरून रडली. एवढंच म्हणाली की माझ्या बोलण्याने तुमचं घर बसलं.

ती बाई उभी होती. तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली, "तुमचं ह्यात काय चुकलं, अम्मा? आमच्या कपाळी होतं. कॉफी प्या, निवते आहे."

अक्काने पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. मी माझी कॉफी संपवली, कोणीतरी संपवायला हवी होती. निघताना त्या बाईने आम्हाला कुंकू लावलं, रीतीप्रमाणे.

परतताना बसला गर्दी नव्हती. अक्का खिडकीशी बसली होती. कालव्याच्या पुलावर बस आली तेव्हा खाली मुलं कठड्यावरून उड्या मारत होती, पाणी भरून वाहत होतं, गढूळ. अक्काने तोंड वळवलं. मग म्हणाली, "मीही तेव्हा मनातून म्हटलं नव्हतं ग."

मला आधी समजलं नाही. मग समजलं.

"त्याचंच चुकलं असं वाटायचं मला," ती म्हणाली. "तो दाढी करायचा तेव्हाही वाटायचं."

घरी पोचलो तर तो जागाच होता. विचारलं, भेटले का? अक्का म्हणाली, दिवाळीला येणार आहेत. ठेवलेला माणूस जेवायला गेला होता आणि वळवायची वेळ झालेली होती. अक्काने पिशवी कोनाड्यात ठेवली, पदर खोचला. मी खांदे धरले, तिने कंबर, आणि आम्ही त्याला भिंतीकडून दाराकडे वळवलं.